कोड : पेशींचा विस्कटलेला संवाद



मुलीच्या हातावर रुपयाएवढा पांढरा डाग दिसला आणि ठरत आलेले लग्न मोडले, असे सुशिक्षित घरांतही घडते. 'श्वेतकुष्ठ' या जुन्या नावामुळे कोडास कुष्ठरोगाची भीती चिकटली. वास्तविक या दोन्हींचा काडीमात्र संबंध नाही. कुष्ठरोग जिवाणूमुळे होतो. कोड कोणत्याही जंतूमुळे होत नाही, त्यामुळे ते स्पर्शाने पसरूही शकत नाही.

मग कोड होते कसे? त्वचेचा रंग हे पेशींच्या परस्पर संवादाचे फळ होय. ऊन लागताच वरच्या थरातील त्वचापेशी एक संप्रेरक स्रवतात. ते रंगपेशीस जाऊन मिळते, संदेश आतील केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होऊ लागते. एक रंगपेशी सुमारे ३० ते ४० शेजारी पेशींना ते पुरविते. या पेशी मेलॅनिन आपल्या केंद्रकावर छत्रीसारखे धरतात आणि उन्हातील अतिनील किरणांपासून स्वतःचे रक्षण करतात.

कोडामध्ये शरीराच्या रक्षक टी पेशी स्वकीय रंगपेशींनाच शत्रू समजतात. त्या इंटरफेरॉन गॅमा हे द्रव्य सोडतात. त्याचा संदेश 'जॅक' नावाच्या विकरांमार्फत त्वचापेशींच्या आत जातो आणि त्या पेशी आणखी टी पेशींना बोलावून घेतात. हे चक्र उमगल्यावर ते तोडण्याचा मार्गही सापडला. जॅक विकरांना रोखणाऱ्या रक्सोलिटिनिब मलमास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ साली कोडासाठी मान्यता दिली. केसांच्या मुळाशी शिल्लक राहिलेल्या रंगपेशी मग वर सरकतात आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी परततो. गुण मात्र सावकाश येतो, सर्वांना सारखा येत नाही आणि उपचार थांबविल्यावर डाग पुन्हा उमटू शकतात.

याच रंगपेशींचा कर्करोग म्हणजे मेलॅनोमा. सुमारे निम्म्या मेलॅनोमांत 'बीआरएएफ' जनुक बिघडलेला असतो आणि 'वाढत राहा' हा संदेश थांबतच नाही, हे २००२ साली उघड झाले. तो संदेश अडविणारे व्हेमुराफेनिब २०११ साली उपलब्ध झाले. टी पेशींना चेतविणारे उपचार आले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. उपचारादरम्यान ज्यांच्या अंगावर पांढरे डाग उमटले, ते रुग्ण सरासरीने अधिक काळ जगले. ज्या पेशींमुळे कोड होते, त्याच पेशी कर्करोगाशीही झुंजतात!

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या 'श्वेता असोसिएशन'ने कोड असलेल्यांना एकत्र आणले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' या २००६ सालच्या चित्रपटाने हाच प्रश्न घराघरांपुढे मांडला. विज्ञानाने पेशींची भाषा पुष्कळ उलगडली आहे. स्थळ पाहताना डागापाशी अडणारी नजर बदलण्याचे काम मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत होणारे नाही. ते कुटुंबांनाच करावे लागेल.