अकरा महिन्यांची ऑर्डर आणि बाळंतपणाची रजा

ग्रामीण रुग्णालयातली कंत्राटी नर्स, नगरपालिकेतली संगणकावर बसणारी मुलगी, ठेकेदारामार्फत लागलेली सफाईची बाई. यांची नोकरी तुकड्यातुकड्यांनी चालते. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एखाद्या दिवसाचा खंड, मग नवी ऑर्डर. अशात दिवस राहिले की आनंदाच्या आधी हिशेब सुरू होतो. बाळंतपणाची तारीख ऑर्डरच्या आत पडते की बाहेर? साहेबांना आत्ताच सांगावं, की पुढची ऑर्डर हातात पडल्यावर? सातव्या महिन्यातही नाइट ड्युटीला नाही म्हणायला घाबरणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. कामगार कायद्याचं काम करते म्हणून त्या माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, "ताई, आम्ही कंत्राटी. आम्हाला कुठली आलीय रजा?"

रजा आहे, आणि ती भरपगारी आहे.

१९६१ चा मातृत्व लाभ कायदा कायम आणि कंत्राटी असा भेद करत नव्हता. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालेलं असावं, एवढी त्याची अट होती. मधल्या एका दिवसाच्या खंडाने हे ८० दिवस पुसले जात नाहीत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात. त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेतली; तिच्यातही ही अट आणि हे २६ आठवडे तसेच ठेवले आहेत. आपल्या घरांत बाळंतिणीला सवा महिना जपतात. कायदाही सांगतो की बाळंतपणानंतर सहा आठवडे तिला कामाला लावायचंच नाही. ठेकेदाराकडच्या ज्या बायकांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जातो, त्यांची ही रक्कम ईएसआय महामंडळ देतं. म्हणून पगाराच्या पावतीवर ती कपात दिसते का, हे दिवस राहण्याच्या आधीपासूनच बघत जा.

पण रजा चालू असतानाच ऑर्डर संपली तर? खरी भीती इथे आहे. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात करारावर काम करणाऱ्या डॉक्टर बाईंनी १ जून २०१७ पासून रजा मागितली. त्यांचा करार ११ जूनला संपत होता. त्यांना रजा मिळाली अकरा दिवसांची. न्यायाधिकरणात त्या हरल्या, उच्च न्यायालयात हरल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ८० दिवसांची अट पुरी झाली असेल, तर कराराची मुदत संपली म्हणून मातृत्वाचा लाभ तोडता येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. बाळ तोवर सहा वर्षांचं झालं असेल. शिकलेल्या डॉक्टरला इतकं झगडावं लागलं, तर सफाईच्या बाईचं काय होत असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा निकाल पैसे मिळवून देतो, पुढची ऑर्डर मिळवून देत नाही. ती उणीव अजून तशीच आहे.

रोजंदारीवरच्या बायकांचा प्रश्न त्याआधीच सुटला होता. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या बायकांना हा कायदा लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्येच सांगितलं. आणि आणखी मागे गेलो, तर १९२८ साली आपल्या मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रीच्या बाळंतपणातल्या विश्रांतीची बाजू मांडली होती. ती विश्रांती देशाच्या हिताची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला. तेव्हाची बाई गिरणीत होती. आज तीच बाई करारावर आहे, आणि तिचं शरीर काही निराळं नाही.

आता कार्यालयप्रमुखांशी दोन शब्द. पुष्कळदा अडवणूक दुष्टपणाने होत नाही. वॉर्डात चार नर्स, त्यातली एक सहा महिने रजेवर, आणि बदली कोणी नाही. मग भार उरलेल्या तिघींवर पडतो. त्याच कुरकुरतात, आणि रजेवरची मनातून खंतावते, लवकर परत येते, अंगावरचं दूध आटेपर्यंत धावते. रजा मंजूर करताना बदली माणसाची तरतूद त्याच कागदावर झाली पाहिजे. ती झाली नाही, तर रजा कागदावरच राहते.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिका, घरी शिलाई किंवा भाषांतर करणाऱ्या बायका यांची अवस्था आणखी कठीण. जितका तास तितके पैसे. शिलाईवालीला तर मालक कोण, हेच दाखवता येत नाही. त्यांच्यासाठी ईएसआयसारखा, सगळ्यांनी भरायचा निधी उभा राहायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तोवर मैत्रिणीशी आधीच बोलून ठेवा, की हे चार महिने माझी गिऱ्हाइकं तू सांभाळ, तुझ्या वेळी मी सांभाळीन. हे होताना मी पाहिलं आहे.

नोकरीतल्या मुलींनी मात्र तोंडी काही ठेवू नये. डॉक्टरांचा दाखला जोडून लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. बाळंतपणाआधीच्या काळाची रक्कम आगाऊ मिळायला हवी, उरलेली बाळंतपणाचा दाखला दिल्यावर ४८ तासांत. करारात "रजा नाही" असं छापलेलं असलं, तरी ते वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. रजेवर असताना त्या कारणासाठी काढून टाकणं बेकायदेशीर आहे. तसं कोणी केलं, तर जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार खात्याचं कार्यालय असतं, तिथे जा. जाताना शिक्क्याची प्रत, सगळ्या ऑर्डरी आणि पगार जमा झालेलं पासबुक सोबत घ्या. बाळ लहान असेल, तर नवऱ्याला किंवा भावाला बरोबर न्या.