इंग्रजीची भीती घालवायची कशी?



घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील रेल्वेचे गाव. परळी आणि लातूर रोड यांच्या दरम्यान गाडी येथे थांबते. शाळेची पायरीही न चढलेल्या येथील एखाद्या आजींना कोणी विचारले, "आजी, इंग्रजी येते का?" तर त्या पदर तोंडाला लावून हसतील. पण याच आजी स्टेशनवर जाऊन तिकीट काढतात, गाडी लेट आहे असे कळले की बाकावर टेकतात आणि तालुक्याला जाऊन डॉक्टरांना रिपोर्ट दाखवतात. स्टेशन, तिकीट, लेट, डॉक्टर, रिपोर्ट; पाच शब्द तर येथेच झाले. इंग्रजी या गावात केव्हाच उतरली आहे. ओळख झाली आहे, बोलणे तेवढे सुरू व्हायचे आहे.

हे बोलणे का अडते, याचा विचार प्रत्येक घराने करावयास हवा. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून पूर्वी पाचवीपासून इंग्रजी शिकवीत. २००० सालापासून ती पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. म्हणजे दहावी उत्तीर्ण होणाऱ्या मुलाच्या गाठी दहा वर्षांचे इंग्रजी असते. तरीही तोच मुलगा पुण्यात मुलाखतीला बसला, की विषय पक्का ठाऊक असूनही त्याला शब्द फुटत नाही. दहा वर्षे त्याने स्पेलिंग घोकले, निबंध पाठ केले, उत्तरपत्रिका भरल्या. मात्र 'मला समजले नाही, पुन्हा सांगाल का?' एवढे साधे वाक्य इंग्रजीतून मोठ्याने उच्चारण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही.

मुलाची ही फजिती पाहून वडील निश्चय करतात की, धाकट्याला तरी इंग्रजी माध्यमात घालायचे. प्रसंगी कर्ज काढून शुल्क भरले जाते. वडिलांचा हेतू शुद्ध असतो, त्यांना दोष देता येणार नाही. परंतु त्या दिवसापासून आईला मुलाची वही वाचता येत नाही. विज्ञानाचा धडा समजला की नुसता पाठ झाला, हे घरात कोणाला उमगत नाही. इंग्रजी यावी म्हणून आईलाच अभ्यासातून बाहेर काढणे, हा सौदा महागात पडतो. किमान पाचवीपर्यंत शक्यतो मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते. भाषा म्हणून इंग्रजी उत्तम शिकणे आणि सारे विषय इंग्रजीतून शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठवाड्याला परभाषेचे भय वाटण्याचे कारण नाही. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूतून चाले. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. येथील कर्त्या पुरुषांनी कचेरीपुरती उर्दू आत्मसात केली, अर्ज लिहिले, दावे लढविले. पण घरातील ओव्या, अभंग आणि हरिपाठ मराठीतच राहिले. मुकुंदराज आणि दासोपंत यांची समाधिस्थाने असलेला हा तालुका आहे. तिकडे मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले, तेव्हा एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला. दोन भाषा एकाच पानावर सुखाने नांदू शकतात, हे मराठी वृत्तपत्राने जन्मतःच दाखवून दिले.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू या. पहिला नियम असा, की सुटा शब्द पाठ करू नये. शब्द त्याच्या सोबत्यासह शिकावा. मराठीत अभ्यासही 'करतात' आणि चूकही 'करतात'. इंग्रजीत मात्र होमवर्क 'डू' करायचा असतो आणि मिस्टेक 'मेक' होते. 'डोके दुखते' याचे शब्दशः भाषांतर केले, की 'माय हेड इज पेनिंग' असे विचित्र वाक्य तयार होते. 'आय हॅव अ हेडेक' हे अख्खे वाक्यच तोंडात बसले पाहिजे. निरोप घेताना मराठी माणूस 'येतो' म्हणतो, कारण 'जातो' म्हणणे त्याला अशुभ वाटते. तोच 'आय ॲम कमिंग' म्हणू लागला, तर समोरचा त्याची वाट पाहत बसेल!

दुसरा नियम रीतीभातीचा. मराठीत तू, तुम्ही आणि आपण यांतून आदर व्यक्त होतो. इंग्रजीत लहानथोर सर्वांना एकच 'यू'. मग तेथे आदर दाखवायचा कसा? तर 'प्लीज', 'थँक यू', 'कुड यू', 'मे आय' या शब्दांनी. 'गिव्ह मी वॉटर' हे व्याकरणाने निर्दोष असले तरी कानाला हुकूम वाटते. 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' यात घरचे संस्कार दिसतात. उलट मामा, काका आणि मावसोबा या सर्वांना इंग्रजी एकाच 'अंकल'मध्ये कोंबते. तेथे मराठीची श्रीमंती मुलांना आवर्जून दाखवावी.

तिसरी गोष्ट नित्याच्या उपयोगाची. औषधाच्या चिठ्ठीवर 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा आणि 'टीडीएस' म्हणजे तीनदा. ही मूळ लॅटिन शब्दांची संक्षिप्त रूपे आहेत. गोळ्यांच्या पाकिटावरील 'एक्स्पायरी' म्हणजे वापराची अंतिम मुदत. बँकेत 'डिपॉझिट' म्हणजे भरणा आणि 'विड्रॉवल' म्हणजे पैसे काढणे. कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल त्रिकोण अत्यंत जहाल विषाची खूण आहे. त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. ज्या घरात एवढे वाचता येते, त्या घराची फसगत आणि अपघात दोन्ही टळू शकतात.

यासाठी वेगळ्या शिकवणीची गरज नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर दहा मिनिटे पुरतात. रोज पाच वाक्ये निवडावीत, ती कागदावर न लिहिता मोठ्याने म्हणावीत. आईने मराठीत विचारावे, मुलाने इंग्रजीत सांगावे. दुसऱ्या दिवशी उलट करावे. चुकले तर कोणी हसू नये, हा एकच कडक नियम. वर्षभरात अठराशेहून अधिक वाक्ये होतात. त्यांतील निम्मी विसरली, तरी नऊशे शिल्लक राहतात आणि तेवढ्या शिदोरीवर मुलाखतीच्या खोलीत मान वर करून बसता येते.

घाटनांदूरच्या फलाटावरून उद्या जो मुलगा किंवा जी मुलगी गाडीत बसेल, तिच्या पिशवीत आईने बांधून दिलेली दशमी असेलच. तिच्या ओठांवर इंग्रजीची ही चार धीट वाक्येही असावीत. आणि पोहोचताच घरी फोन करून ती खुशाली मात्र मराठीत कळवावी.