वहीवरची सही



जमातीची मीटिंग असली की ईशाच्या नमाजनंतर आपण हजर असतो. कब्रस्तानच्या कुंपणापासून लग्नाच्या भांड्यांपर्यंत प्रत्येकजण बोलतो. मग ग्रामसभा लागली की आपण घरी का बसतो? एवढेच विचारायला मी उभा आहे.

मी प्राथमिक शाळेत असताना अब्बा शाळेच्या समितीचे सभासद होते. शिपाई वही घेऊन घरी येई, अब्बा त्याला चहा पाजीत आणि तो दाखवील तिथे सही करीत. त्याच पावसाळ्यात आमच्या वर्गाचे छप्पर गळत होते आणि आम्ही दप्तरे डोक्यावर धरून बसत होतो. अब्बांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या सहीला वजन असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आज कायदाच ते सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जिल्हा परिषदेच्या शाळेत, मग ती उर्दू असो वा मराठी, शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेला पैसा कसा खर्च झाला ते पाहणे, ही तिची कामे. अनुदानित अल्पसंख्याक शाळांत ती फक्त सल्ला देते. पण तो सल्ला देण्यासाठीही हजर राहावे लागतेच.

ग्रामसभेचेही तसेच. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण तिचा सभासद आहे. रस्ता, नळ, गटार, दिवे हे विषय तिथे मांडता येतात. तिच्याआधी महिलांची वेगळी सभाही घ्यावी लागते. आपल्या किती भगिनींना हे ठाऊक आहे?

"आमचे कोण ऐकणार?" असे म्हणू नका. आपल्याच कर्जत तालुक्यात कशेळे येथील संस्थेने आदिवासी पाड्यांवर धान्य बँका उभ्या केल्या. सुगीला धान्य जमा करायचे, पावसाळ्यात उसने न्यायचे, पुढच्या सुगीला थोडे वाढवून परत करायचे. सावकाराच्या दाराची पायरी त्यामुळे चुकली. २००७ पासून महाराष्ट्रात प्रथम पाच जिल्ह्यांत लोकांनी सरकारी दवाखान्यांवर देखरेख सुरू केली. हिरवा, पिवळा, लाल असे शेरे देऊन ते जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवले. ही माणसे आपल्यापेक्षा जास्त शिकलेली नव्हती.

खरी अडचण मला माहीत आहे. उर्दूत शिकलेल्या पालकांना वाटते, मराठीत बोलताना चुकलो तर लोक हसतील. विद्यार्थी मित्रांनो, इथे तुमचे काम आहे. अब्बा-अम्मींचा अर्ज तुम्ही मराठीत लिहून द्या. त्याची पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

आणि पालकांनो, वही घरी आली तर चहा जरूर पाजा. सही मात्र सभेत बसून, ठराव वाचूनच करा. छप्पर गळते ते आपल्याच मुलांच्या डोक्यावर.