सुचणे, वाटणे आणि विचार करणे

(हीरक महोत्सवी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



दिल्लीत मराठी माध्यमाच्या शाळेत प्रवेश घेताना पालकांच्या ओठी एक प्रश्न हमखास असतो : "मूल मराठीत शिकले, तर त्याच्या इंग्रजीचे काय?" ही काळजी रास्त आहे. तिला मी आज एका लहानशा उदाहरणाने उत्तर देऊ इच्छिते.

इंग्रजीत 'थिंक ऑफ', 'थिंक अबाउट' आणि 'थिंक ओव्हर' असे तीन प्रयोग आहेत. तिन्हींचा अर्थ 'विचार करणे' असा पाठ केलेला विद्यार्थी 'मला एक युक्ती सुचली' हे सांगताना बेधडक 'थॉट अबाउट' लिहितो. युक्ती सुचली असेल, तर तेथे 'ऑफ' हवे. 'अबाउट' म्हटले, की युक्ती आधीच होती आणि तो तिच्यावर विचार करीत होता, असा अर्थ होतो.

हा भेद मराठी मुलाला परका नाही. आपल्याकडे कल्पना सुचते, नाव आठवते, मत वाटते. विचार मात्र करावा लागतो. 'मला सुचले', 'मला आठवले' यांत गोष्ट आपणहून मनात येते. 'मी विचार केला' यात 'मी' कर्ता असतो. इंग्रजी जे शब्दयोगी अव्ययाने दाखवते, ते मराठी क्रियापदाने आणि विभक्तीने दाखवते. म्हणून मुलांना सांगावे : वाक्य आधी मराठीत म्हणा. 'मला सुचले' असेल, तर 'ऑफ'. 'मी विचार करीत होतो' असेल, तर बहुधा 'अबाउट'. निर्णयापूर्वी साधकबाधक विचार करायचा असेल, तर 'ओव्हर'.

या युक्तीला मर्यादा आहेत. 'आईचा विचार कर' येथे विचार करायचाच आहे, तरी इंग्रजीत 'ऑफ' येते. 'सहलीविषयी चर्चा केली' या धर्तीवर मुले 'डिस्कस अबाउट' लिहितात. तेथे 'अबाउट' नकोच. असे अपवाद सरावानेच अंगवळणी पडतात.

मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी पर्यायांची रांग दिसते. इतकी वर्षे लोटली, तरी दोन भाषा शिकण्याची वाट तीच आहे : एकीतील भेद दुसरीतील भेदांशी ताडून पाहणे.

काळजी वाटते ती घरातील मराठीची. हिंदीतील 'मैंने सोचा' सतत कानी पडल्याने 'मला वाटलं, बस गेली' ऐवजी मुले 'मी विचार केला, बस गेली' म्हणतात. कधी सरळ 'मी सोचलं'. हिंदीला दोष देण्याचे कारण नाही. 'मुझे सूझा', 'मुझे लगा' तिच्यातही आहेत. पण 'वाटणे' आणि 'विचार करणे' यांतील अंतरच बोलण्यातून गेले, तर इंग्रजीतील अंतर कोणत्या आधाराने समजवायचे? शिवाय जे वाटले, त्याचा विचारही झाला असे मानण्याची सवय कोणत्याही भाषेत घातकच.

पालकहो, मुलांशी घरी मराठीत भरपूर बोला. 'तुला काय वाटतं?' असे विचारा आणि उत्तर आले, की 'असं का वाटतं, याचा विचार केलास का?' हेही विचारा. इंग्रजीची तयारी तेथूनच सुरू होते.