अभ्यासक्रम ठरवणारे आणि मूल पाठवणारे



१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले, तेव्हा सरकारने शाळा वाढवाव्यात एवढीच मागणी करून ते थांबले नाहीत. खेड्यातील मुलांना काय शिकवावे, हेही त्यांनी सांगितले. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, आरोग्याचे धडे आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान अशी त्यांची यादी होती. आयोगाने ती सारी मान्य केली नाही. परंतु एका बिनसरकारी माणसाचे म्हणणे लेखी स्वरूपात घेतले गेले आणि ते दप्तरी राहिले. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल पाठवणाऱ्या शेतमजुराने असेच निवेदन लिहिले, तर ते द्यावे कोठे?

कायद्याची मांडणी वरकरणी सरळ आहे. पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम व मूल्यमापनाची पद्धत ठरवण्याचा अधिकार २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ ने शैक्षणिक प्राधिकरणाला दिला आहे. महाराष्ट्रात हे काम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते. पाठ्यपुस्तके १९६७ साली स्थापन झालेली 'बालभारती' तयार करते. दहावी-बारावीच्या परीक्षा १९६५ च्या कायद्याने निर्माण झालेले राज्य मंडळ घेते. या सर्वांच्या वर शालेय शिक्षण विभाग आणि त्याचा शासन निर्णय. शिवाय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत गेल्यापासून दिल्लीचाही हात त्यात आहेच.

या उतरंडीत पालकांची जागा कलम २१ मध्ये आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे हे कलम सांगते. लोकशाहीच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे, यात शंका नाही. पण समितीच्या कामांची यादी पाहावी: शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष. छप्पर गळते, खिचडी कच्ची आहे, शिक्षक आठवडाभर आले नाहीत, हे पालकाने विचारावे. पाचवीच्या मुलाला काय शिकवावे आणि तो शिकला की नाही हे कसे ठरवावे, याबद्दल त्याला विचारण्याचे बंधन मात्र कोणावर नाही. शाळेच्या भिंतींवर पालकांची सत्ता आणि फळ्यावर नोकरशाहीची, अशी ही वाटणी आहे.

तिचा परिणाम कोणाला भोगावा लागतो? २०१९ साली केंद्राने शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये दुरुस्ती केली आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन नापास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ साली ती स्वीकारली. नापास झालेल्याला पुन्हा एक संधी, तीतही नापास झाला तर त्याच वर्गात, असा नियम झाला. आता बीडच्या ऊसतोड कुटुंबातील मुलाचा विचार करावा. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ते कारखान्याच्या फडावर जाते आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. त्याचे अर्धे वर्ष शाळेबाहेर गेले, याला हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू न करणारी यंत्रणा जबाबदार. नापासाचा शिक्का मात्र त्या मुलावर! परीक्षा असावी की नसावी, हा वाद प्रामाणिक माणसांतही आहे आणि परीक्षा हवी म्हणणारे पालक गरीब वस्त्यांतही पुष्कळ आहेत. पण या मुलाच्या आईला ही पद्धत ठरण्यापूर्वी कोणी एका शब्दाने विचारले नाही, ही गोष्ट वादापलीकडची आहे.

विचारण्याचा देखावा कधीकधी होतो. राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा २०२४ साली हरकतींसाठी खुला झाला, तो मे महिन्याच्या सुटीत, आणि मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यातच संपली. शाळा बंद, समितीची बैठक अशक्य. शेकडो पानांचा मसुदा कोणी वाचावा?

परीक्षा मंडळाचा इतिहास याहून बोलका आहे. आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला नाही, या महाराष्ट्र मंडळाच्या नियमावर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली शिक्कामोर्तब केले. मुंबई उच्च न्यायालयाने आधी दिलेला उदार निर्णय त्यामुळे रद्द झाला. ज्या कागदावर मुलाचे भवितव्य ठरले तो कागदच त्याला दिसू नये! हे दार उघडायला सत्तावीस वर्षे लागली. माहिती अधिकाराखाली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असे त्याच न्यायालयाने २०११ साली म्हटले, तेही माहितीचा कायदा चळवळींच्या रेट्याने २००५ साली झाला होता म्हणून.

दुसरे उदाहरण २०२५ चे. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी व इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली. शासनाच्याच भाषा सल्लागार समितीला त्याविषयी विचारले गेले नव्हते. विरोध वाढताच १७ जूनला दुसरा निर्णय निघाला: हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा राहील, दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागितली पाहिजे. ज्या वस्तीशाळेत चार वर्गांची मिळून २० मुले भरत नाहीत, तेथे ही निवड केवळ कागदावरची होती. साहित्यिक, शिक्षक, पालक आणि पक्ष रस्त्यावर येऊ लागले, मोर्चाची तारीख ठरली, तेव्हा कोठे २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमण्यात आली.

हा विजय खराच. तथापि त्याने एक धोकाही दाखवून दिला. अस्मितेच्या प्रश्नावर लाखो माणसे उभी राहतात. ऊसतोड मुलाच्या नापासीवर मोर्चा निघत नाही. शिवाय पालक म्हणतील ते सारे योग्य, असेही समाजवाद्याने मानू नये. वस्तीतल्या बलिष्ठ जातीचे पालक उद्या एखादा धडा वगळण्याची मागणी करतील, तेव्हा तज्ज्ञांच्या आणि घटनेच्या बाजूनेच उभे राहावे लागेल.

म्हणूनच कार्यकर्त्यांनी काम खालून सुरू करावे. कलम ३२ नुसार बालकाच्या हक्काबाबत कोणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतो. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. हे कलम आजवर बहुधा प्रवेशासाठी वापरले गेले. पण कलम २९ मध्येच असे म्हटले आहे की अभ्यासक्रम व मूल्यमापन ठरवताना मूल भय, आघात व चिंता यांपासून मुक्त राहील हे ध्यानात घ्यावे आणि माध्यम शक्यतो मातृभाषेचे असावे. या शब्दांवर बोट ठेवून तक्रारी लिहाव्यात. वकील शंका काढतील. त्यांना काढू द्याव्यात.

दुसरे काम त्याहून साधे. जून महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होईल, तेव्हा अभ्यासक्रम वा परीक्षेविषयी पालकांचे म्हणणे ठरावरूपाने इतिवृत्ताच्या वहीत लिहून घ्यावे, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच घ्यावी. तालुक्यातील पन्नास शाळांचे असे ठराव एकत्र करून पुण्याच्या परिषदेकडे पाठवावेत आणि लेखी उत्तर मागावे. मसुदे शाळा चालू असताना, सोप्या मराठीत, निदान तीन महिन्यांच्या मुदतीने प्रसिद्ध व्हावेत आणि मिळालेल्या प्रत्येक हरकतीचे काय झाले ते जाहीर व्हावे, ही मागणी त्याच ठरावात असावी. ठराव लिहिताना अंगठा उठवणाऱ्या आईचे म्हणणे तिच्याच शब्दांत उतरवावे. मुख्याध्यापकांनी ते 'शुद्ध' करून लिहू नये.