दवाखाना कुणाच्या मालकीचा?



वस्तीत आपला स्वतःचा दवाखाना काढायचा, असं तुमचं चाललंय. काढा. पण वर्गणीचं पावतीपुस्तक छापण्याआधी ज्यांनी हे करून दाखवलं त्यांचा जमाखर्च बघून घेऊ. १९७२ साली दलित पँथरनं ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या काळ्यांचा हा जमाखर्च आहे. शिकागोच्या प्रॉव्हिडंट हॉस्पिटलचा.

१८८९ साल. एमा रेनॉल्ड्स या काळ्या मुलीला नर्स व्हायचं होतं. शिकागोतली नर्सिंगची शाळा तिला घेईना. कातडी आडवी आली. तिचा भाऊ पाद्री होता. तो डॅनियल हेल विल्यम्स या काळ्या सर्जनकडे गेला. आपलं वजन वापरून पोरीला कुठंतरी चिकटवा, एवढंच मागणं. ते जमलं नाही. तेव्हा विल्यम्सनं ठरवलं, एकीला चिकटवायचं कशाला? इस्पितळच काढू आणि त्यातच शाळा चालवू.

१८९१ साली बारा खाटांचं इस्पितळ उभं राहिलं. काळ्या वस्तीनं पैसे दिले, चादरी दिल्या, सामान दिलं. गोऱ्या भांडवलदारांनीही पैसे दिले, हेही सांगून टाकतो. उगाच आरती ओवाळायला मी आलेलो नाही. पण कारभारात आणि वॉर्डात काळ्याला मज्जाव नव्हता, आणि गोऱ्यालाही नव्हता. डॉक्टर दोन्ही रंगांचे, पेशंट दोन्ही रंगांचे. ज्यांना दारातून हाकललं, त्यांनी आपलं दार सगळ्यांना उघडं ठेवलं. एमा पहिल्या तुकडीत नर्स झाली. १८९५ साली डॉक्टरही झाली.

१८९३ च्या जुलैत छातीत सुरा खुपसलेला एक माणूस तिथं आला. एक्स-रे नव्हता, अँटिबायोटिक नव्हतं, रक्त चढवायची सोय नव्हती. विल्यम्सनं छाती उघडली आणि हृदयाभोवतीचं आवरण शिवलं. माणूस जगला. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून जे आपल्या राखीव जागांवर बोंब मारतात, त्यांना हे सांगा. गुणवत्ता होतीच, तिला ऑपरेशनचं टेबल मिळत नव्हतं!

आपल्याकडं काय होतं? १८९७ साली पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाईंनी डॉक्टर झालेल्या यशवंतला बोलावून दवाखाना उभा केला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घालून आणलं आणि त्याच रोगानं १० मार्चला त्या गेल्या. म्हणजे ही परंपरा आपल्याला परकी नाही.

आता खर्चाची बाजू. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा आला, पुढं गोऱ्या इस्पितळांची दारं उघडली. लढून मिळवलेला हक्क तो, चांगलाच झाला. पण काळे डॉक्टर तिकडं गेले. विमा असलेले, पैसेवाले पेशंट तिकडं गेले. प्रॉव्हिडंटमध्ये उरला खिसा फाटलेला माणूस. वर नव्या इमारतीचं कर्ज. १९८७ साली इस्पितळाला टाळं लागलं. शेवटी १९९३ साली कुक काउंटीनं, म्हणजे सरकारनं, ते चालवायला घेतलं.

या टाळ्याकडं नीट बघा. ते गोऱ्यांनी एकट्यांनी लावलेलं नाही. आपल्यातलाही डॉक्टर होतो, फ्लॅट घेतो, पाटीवर आडनाव बदलतो आणि वस्तीचा रस्ता विसरतो. शिकलेल्यांनी दगा दिला ही खंत बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात बोलून दाखवली होती. ती अजून शिळी झालेली नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. दवाखाना काढा, पण तो सरकारची जबाबदारी माफ करायला नको. सरकारी दवाखान्यात डॉक्टर, औषध आणि माणसासारखी वागणूक हा आपला हक्क आहे, भीक नाही. त्यासाठी मोर्चा काढायचाच. आपला दवाखाना म्हणजे त्या मोर्चाचा तळ. तिथं वस्तीतल्या पोरींना नर्सिंग शिकवा. हिशेब दर महिन्याला चौकात वाचा. कमिटीत झाडूवाली बाई बसवा. आणि आपल्यातला जो डॉक्टर होईल, त्याच्याकडून आठवड्याचा एक दिवस वसूल करा. विनंती करू नका, वसूल करा.

जय भीम!