मॅचची फाइल, चुकीचा टेम्प्लेट आणि दादाचं लग्न

(ऑडिओ भागाचा मजकूर. बोलण्यातले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत.)

मी आमगावहून बोलतोय. मध्येच रेल्वेचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या, घर स्टेशनजवळ आहे.

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे. डीएनए टेस्टमधून नातेवाइकांची जी यादी मिळते, ती वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये कशी भरायची? मागच्या वर्षी मी हे काम केलं, चुकीचं केलं, आणि त्यामुळे आमच्या घरात दोन आठवडे कुणी कुणाशी धड बोललं नाही. त्यामुळे आज आधी गोष्ट, मग पद्धत.

माझ्या मोठ्या बाबांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, अमेरिकेत नोकरीला आहे. तिथे त्याने हौसेने डीएनए टेस्ट केली. अशा कंपन्या तुमचा डीएनए त्यांच्याकडच्या इतर ग्राहकांशी ताडून बघतात आणि ज्यांच्याशी काही तुकडे जुळतात त्यांची यादी देतात. त्यांना ‘मॅच’ म्हणतात. जुळणी मोजायचं एकक म्हणजे सेंटिमॉर्गन. जितके सेंटिमॉर्गन जास्त, तितकं नातं जवळचं, असा ढोबळ नियम. ढोबळ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दादाने यादीची सीएसव्ही फाइल मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. म्हणाला, “तू कॉम्प्युटरवाला, आपली वंशावळ बनव.” मी पण उत्साहात.

आता टेम्प्लेट म्हणजे काय? प्रत्येक कंपनीच्या फाइलमध्ये रकाने वेगळे. एकीकडे ‘शेअर्ड डीएनए’ आणि ‘लाँगेस्ट ब्लॉक’, दुसरीकडे ‘टोटल सेंटिमॉर्गन’ आणि ‘लार्जेस्ट सेगमेंट’. तुकड्यांची फाइल आणखी वेगळी: मॅचचं नाव, क्रोमोसोम, तुकडा कुठे सुरू, कुठे संपला, किती सेंटिमॉर्गन. जीनोम मेट प्रोसारख्या सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की या फाइलमधला हा रकाना तुझ्या त्या खान्यात टाक. ते सांगणारा साचा म्हणजे टेम्प्लेट. एकदा नीट बनवला की पुढच्या फाइली मिनिटात भरल्या जातात. चुकीचा बनवला तर चूकही मिनिटात भरली जाते, आणि सॉफ्टवेअर तक्रार करत नाही.

मी इंटरनेटवरून कुणीतरी बनवलेला टेम्प्लेट उचलला. पहिल्या वेळी इम्पोर्ट मध्येच अडकल्यासारखं वाटलं. म्हणून परत चालवलं. मग झाडाचं चित्र काढलं. आणि त्यात दादाच्या शेजारी एक नाव आलं, जे घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या वेळी दादासाठी बालाघाटकडचं एक स्थळ आलं होतं. बोलणी बरीच पुढे गेली होती. ते नाव त्या मुलीच्या भावाचं होतं. तोही परदेशात असतो, त्यानेही तीच टेस्ट केलेली. यात योगायोग फारसा नाही. आपल्या भागातले टेस्ट करणारे मोजके, म्हणून जे करतात ते एकमेकांना सापडतातच. सॉफ्टवेअर सांगत होतं: १८८ सेंटिमॉर्गन, सेकंड कझिन. म्हणजे दोघांचे पणजोबा एक!

मी काय केलं? स्क्रीनशॉट काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, “हे बघा काय सापडलं.”

आम्ही पोवार. लग्न समाजात होतं, पण स्वतःच्या कुळात नाही. बिसेन, पटले, कटरे, टेंभरे, रहांगडाले, तुरकर अशी कुळं. कूळ वेगळं आहे ना, हे आधी बघतात. इथे कूळ वेगळं होतं, पण सॉफ्टवेअर म्हणतंय पणजोबा एक. मग एक आत्या म्हणाली थांबा, एक काका म्हणाले काहीतरी लपवलंय. मुलीकडे बातमी पोचायला एक दिवस लागला. फोन बंद झाले.

तिसऱ्या दिवशी मोठ्या बाबांनी मला बोलावलं. ते शांतपणे म्हणाले, “का गा, आमच्या आजोबांच्या सगळ्या पोरापोरींची नावं मला पाठ आहेत. कुणाचं लग्न कोणत्या गावात झालं तेही. पोरीच्या घरच्यांनीही आपली बाजू सांगितली आहे. तुझा तो पणजोबा बसतो कुठं, दाखव.”

मला दाखवता येईना. रात्री मी मूळ फाइल उघडली आणि ओळी मोजल्या. मुलीच्या भावाच्या नावाने फाइलमध्ये १० तुकडे होते. सॉफ्टवेअरमध्ये २०. दोनदा इम्पोर्ट केल्यामुळे प्रत्येक तुकडा दोनदा बसला होता, कारण त्या टेम्प्लेटमध्ये आधीची ओळ ओळखायची सोयच नव्हती. खरा आकडा १८८ नाही, त्याच्या निम्मा, ९४.

पण गोष्ट इथे संपत नाही. ९४ वरही कंपनीचा अंदाज होता ‘थर्ड कझिन’, म्हणजे खापरपणजोबा एक. आणि टेम्प्लेटने तो अंदाज सरळ ‘नातं’ या खान्यात टाकला होता, जणू कुणी जन्माचा दाखला आणून दिलाय.

हा अंदाज येतो कुठून? लोकांनी स्वतःच्या ओळखीच्या नात्यांचे आकडे देऊन तक्ते बनवलेत. ब्लेन बेटिंगर यांचा ‘शेअर्ड सीएम प्रोजेक्ट’ प्रसिद्ध आहे. त्यात सख्ख्या चुलत, मामे, मावस, आते भावंडांची सरासरी ८६६ सेंटिमॉर्गन, सेकंड कझिनची २२९, थर्ड कझिनची ७३. ९४ बघून कुणीही थर्ड म्हणेल. पण हे गणित असं धरून चालतं की दोन माणसांना जोडणारी वाट एकच आहे. आपल्याकडे तसं नसतं. शेकडो वर्षं ठरावीक समाजातच लग्नं होत आली, तर कुळं वेगळी असूनही दोन माणसं दहा वाटांनी जोडलेली असतात. प्रत्येक वाट लांबची, पण बेरीज मोठी दिसते.

हे पोवारांपुरतं नाही. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातले २६० हून अधिक समाजगट तपासले. त्यातल्या ८१ गटांमध्ये मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाली, आणि फिनलंड तर या बाबतीत पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे.

मग ओळखायचं कसं? बेरीज सोडा, तुकडे बघा. मुलीच्या भावाचा सगळ्यात मोठा तुकडा १३ सेंटिमॉर्गनचा होता. बाकीचे १२, साडेदहा, १० असे उतरत ७ पर्यंत. एकच जवळचा पूर्वज असता तर साधारण थोडे पण लांब तुकडे दिसले असते, एखादा ३०-४० चा. पुष्कळ आणि सगळे छोटे, हे लांबच्या अनेक वाटांचं लक्षण. मग मी दादाच्या यादीतले आपल्या भागातले बाकीचे मॅच बघितले. बहुतेकांचं असंच! म्हणजे या दोघांत खास काही नव्हतं.

आता पद्धत. बहुतेक जण मोबाइलवर ऐकताय, म्हणून गूगल शीट्स धरून सांगतो. सॉफ्टवेअर कोणतंही असो, तत्त्व तेच.

पहिलं, मूळ फाइलला हात लावू नका. कॉपी करून त्यात काम करा. मराठी नावं असलेली फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर कधी कधी अक्षरांचा खिचडा होतो. अशा वेळी यूटीएफ-८ निवडून इम्पोर्ट करा.

दुसरं, टेम्प्लेट रकान्याच्या नावावर बांधा, नंबरवर नाही. कंपनीने मध्ये एक नवा रकाना घातला की नंबरवर बांधलेल्या टेम्प्लेटमध्ये सगळं एक घर सरकतं.

तिसरं, चार आकडे स्वतंत्र खान्यात हवेतच: एकूण सेंटिमॉर्गन, तुकड्यांची संख्या, सगळ्यात मोठा तुकडा, आणि कोणत्या कंपनीची फाइल. तुकड्यांच्या जागा कोणत्या संदर्भ नकाशावर आहेत, ३६ की ३७, तेही लिहा. दोन आवृत्त्यांमध्ये त्याच जागेचा पत्ता वेगळा असतो, मिसळल्या तर न जुळणारं जुळल्यासारखं दिसतं.

चौथं, कंपनीने सुचवलेलं नातं ‘नोंद’ या खान्यात टाका. ‘नातं’ हा खाना रिकामा ठेवा. कागद किंवा जाणत्या माणसाचा शब्द मिळेल तेव्हाच तो भरा.

पाचवं, आपले रकाने वाढवा. बाहेरच्या टेम्प्लेटमध्ये फक्त ‘आडनाव’ असतं. आपल्या आयाबहिणींचं आडनाव लग्नानंतर बदलतं, मग अर्धी वंशावळ हरवते. माझ्या शीटमध्ये आता कूळ, माहेरचं कूळ, आईचं माहेर आणि गाव असे चार रकाने आहेत. तसंच ‘कझिन’ या एका शब्दात आपले चुलत, आते, मामे, मावस चारही कोंबले जातात. आईकडचा की वडलांकडचा, हा रकाना ठेवाच. आमच्याकडे जुन्या वंशावळी भाट लोक सांभाळायचे. त्यांनाही कूळ आणि गाव विचारल्याशिवाय पुढे जाता येत नसे.

सहावं, आधी पाच ओळी भरून बघा. मग सगळी फाइल. मग दोन्हीकडच्या ओळी मोजा. अडकलं तर पुन्हा चालवण्याआधी आधीचं पुसा. ही ओळमोजणी मी केली असती तर आजचा भाग झालाच नसता.

आणि एक सांगून ठेवतो. ही फाइल आजाराबद्दल काही सांगत नाही. लग्नाआधी काही तपासायचंच असेल तर सिकलसेल तपासा. आपल्या पूर्व विदर्भात तो आहे. साध्या रक्ततपासणीने कळतं, आणि २०२३ पासून त्यासाठी सरकारी मोहीमही चालू आहे.

आता शेवटचं. चूक कळल्यावर मी ग्रुपवर माफी मागितली. मोठे बाबा स्वतः बालाघाटकडे जाऊन आले. बोलणी परत सुरू झाली. तेव्हा मुलीने मला फोन केला. मला वाटलं रागावेल की नातं चुकीचं लावलं म्हणून. तिने वेगळंच विचारलं: “तुमच्या दादाने टेस्ट केली, त्याची इच्छा. पण माझ्या भावाचं नाव आणि त्याच्या शरीरातली माहिती तुम्ही चाळीस माणसांच्या ग्रुपवर टाकली. त्याला विचारलं होतं?”

नव्हतं विचारलं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅचच्या फाइलमधली प्रत्येक ओळ दोन माणसांची असते, आणि त्यातला एकच तुमच्या ओळखीचा असतो. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीची सुमारे १४ हजार खाती हॅकर्सनी उघडली. पासवर्ड तेच तेच वापरलेले होते. पण नातेवाइकांच्या यादीतून माहिती गेली सुमारे ६९ लाख लोकांची. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्जही केला. तेव्हा टेम्प्लेटमध्ये सातवा नियम: नावाऐवजी आद्याक्षरं आणि नंबर, आणि शीट फक्त स्वतःकडे. कुणाला दाखवायची तर आधी त्या माणसाला विचारून.

मी तिच्या भावाला फोन केला, माफी मागितली, त्याची ओळ काढू का विचारलं. तो म्हणाला राहू दे, पण नाव काढ. काढलं.

हा भाग टाकण्याआधी त्याला आणि तिला, दोघांना ऐकवला. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. आता मी तिला वहिनी म्हणतो.

तुमच्याकडे अशी फाइल पडली असेल तर आज फक्त एवढंच करा: कॉपी काढा आणि ओळी मोजा. अडलं तर विचारा, पण स्क्रीनशॉट पाठवू नका! भेटू पुढच्या भागात. राम राम.